गुडघ्याखालची उशी

नाशिकमध्ये मी जेवढ्या उशा जप्त केल्या, तेवढ्या एखाद्या गादीवाल्यानं जन्मात भरल्या नसतील. कापसाच्या, सावरीच्या, फोमच्या, कशिदा काढलेल्या, एक तर रुखवतातली, मोत्यांची झालर लावलेली. सगळ्या एकाच जागेवरून उचलल्या. नुकतंच ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखालून. माझा नवरा म्हणतो, मी आकडे फुगवते. तो आयुष्यभर बँकेत होता, त्याला आकडे जसेच्या तसे ठेवायची सवय लागली, त्यात माझा काय दोष?

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकात हा शब्द उच्चारताना नाशिककरांची जीभ दोनदा ठेचकाळायची. कुणी 'शेकवाल्या बाई' म्हणत, कुणी 'मालिशवाल्या मॅडम'. पंचवटीतल्या एका आजोबांना सुनेनं सांगितलं, "व्यायामवाल्या आल्यात," तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "आधी सर्कशीत होता का?" असं अगदी आदरानं विचारलं. माझा बांधा पाहून ते हत्तीच्या विभागाबद्दल विचारत होते, हे मला घरी आल्यावर समजलं.

तेव्हा आमच्याकडे गुडघे बदलायची नुकती कुठे सुरुवात होती. सर्जनसाहेब मुंबईहून रविवारी येत, झिजलेला सांधा काढून धातूचा बसवत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. मागे उरायचे तीन पक्ष. पेशंट, त्याचे नातेवाईक आणि मी. सर्जनचं काम भूल दिलेल्या माणसावर असतं. तो माणूस बोलत नाही, शिव्या देत नाही, आईची शपथ घालत नाही. माझा पेशंट पूर्ण शुद्धीत असतो, आणि मला त्याला नेमकं तेच करायला लावायचं असतं जे त्याला मुळीच करायचं नसतं. एक निवृत्त फौजदार होते. त्यांचा गुडघा पहिल्यांदा वाकवला तेव्हा ते असे ओरडले की भद्रकालीतली कबुतरं उडाली ती थेट त्र्यंबकच्या कळसावर जाऊन बसली. घाम पुसत ते मला म्हणाले, "मॅडम, खात्यात असतो तर तुम्हाला पगारावर ठेवलं असतं. मी एवढे चोर बोलते केले, पण हे कसब माझ्यात नव्हतं."

आता ही उशीची भानगड काय ते सांगते. ऑपरेशननंतर गुडघ्यात सूज असते. सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायला आवडतं, तसं राहिलं की आतला ताण कमी होतो. घरातलं कुणी तरी मायेनं उशी सरकवतं, पेशंट "हुश्श" करतो आणि साऱ्या घराला वाटतं, चला, सेवा पावली. तिकडे गुडघ्याच्या मागचे स्नायू आणि पडदे त्याच मापाचे होऊन बसतात. मग पाय सरळ होत नाही. अर्ध्या मिटलेल्या चाकूवर उभं राहायचा प्रयत्न करा, म्हणजे अशा पायावर चालणं कसं असतं ते कळेल. मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर सुट्टी न घेता राबतो, दहा पावलांत थकतो, आणि माणूस पुन्हा कॉटवर. वाकणं नंतर हळूहळू मिळवता येतं. सरळ होणं सुरुवातीच्या आठवड्यांत कमवावं लागतं. म्हणून मी उशी काढायचे आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचे, म्हणजे गुडघा आपल्याच वजनानं खाली बसतो. जागेचा फरक फार तर दीड वितीचा. त्या दीड वितीसाठी मी निम्म्या नाशिकशी भांडले आहे.

या भांडणातलं सगळ्यात मोठं भांडण मात्र घोटीत झालं.

श्रावण संपता संपता आमच्या दवाखान्यात घोटीहून एक बाई दाखल झाल्या. सारी बाजारपेठ त्यांना आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही आक्का म्हणू लागलो. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र पोत्यांच्या थप्पीपलीकडे पोचेल असा. नवरा गेल्यापासून भाताचं दुकान आणि मागची छोटी गिरणी त्या एकट्या चालवत होत्या. शेतकऱ्यानं भात आणलं की चार दाणे दाताखाली फोडायचे आणि ओलं की वाळलेलं ते सांगायचं, यात त्यांचा हात, म्हणजे दात, धरणारं कुणी नव्हतं. दवाखान्यातल्या पहिल्याच जेवणात त्यांनी भाताकडे एकदा पाहून ताट परत धाडलं. "हा भात न्हाय, ही पाण्यात बुडून मेलेली कणी हाय." स्वयंपाक्यानं दुसऱ्या दिवशी तांदूळ बदलला. गेली कित्येक वर्षं डॉक्टर लोक त्या भाताबद्दल कुरकुरत होते, पण त्यांचं कोण ऐकतंय?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "आक्का, पाय हलवायचा."

"हा पाय माझा हाय का तुमचा?"

"तुमचाच."

"मग मी ठरवीन कवा हलवायचा त्ये." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी कॉटशी उभी राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी एक डोळा उघडला, मी अजून तिथंच आहे हे पाहिलं आणि दातओठ खात पाय हलवला. त्या दिवसापासून आमचं जमलं. घरी गेल्या तेव्हा वॉकर धरून चालत होत्या आणि गुडघा जवळजवळ सरळ होता. दर आठवड्याला तपासायला यायचं कबूल करून गेल्या.

त्या आल्या नाहीत. गणपती बसले, उठले, तरी आक्कांचा पत्ता नाही. फोन केला तर एक रडवेला पुरुषी आवाज म्हणायचा, "वैनीला लय आराम हाय, मॅडम," आणि ठेवून द्यायचा. 'लय आराम' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. एका रविवारी मी सीबीएस स्टँडवरून घोटीची एसटी पकडली.

शेजारच्या सीटवर घोटीचीच एक बाई भेटली. मी कुणाकडे चाललेय हे समजताच तिनं वाडीवऱ्हे येईस्तोवर मला घरातला सगळा इतिहास सांगितला. आक्कांचा दीर पुंडलिक, आक्कांनीच लहानाचा मोठा केलेला. आता तोच गादीवर बसतो. बाजारातला एक बडा शेठ दुकान विकत मागतोय, आणि पुंडलिकनं त्याला दसऱ्याला सांगतो म्हणून शब्द दिलाय. "टपून बसलाय त्यो, दुसरं काय!" बाई म्हणाली. "आक्का उठल्या तर याची पंचाईत."

माझं डोकं तापलं. मला तर चित्रच दिसू लागलं की दीर मुद्दाम वहिनीला कॉटवर लोळवून ठेवतोय. घोटीच्या स्टँडवर उतरले ती पदर खोचूनच.

घर दुकानाच्या मागे, मधे अंगण, बाजूला गिरणी. आक्का कॉटवर गोधडी घेऊन पडल्या होत्या. आणि गोधडीखाली, जिथे गुडघा असतो तिथे, कळसूबाईचं शिखर! मी गोधडी ओढली. खाली एक भली थोरली उशी, आणि हात लावला तर गरम! आत काही तरी सळसळलं. माझ्या कारकिर्दीत मी असली उशी पाहिली नव्हती. कापसाची उशी दाबली जाते, गुडघा निदान थोडा तरी खाली जातो. ही गुडघ्याच्या मागे अशी बसली होती जशी त्याच्या मापानं शिवून घेतलेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

दारातून अडीच माणसांएवढा एक माणूस वाकून आत आला. "माझी," तो अभिमानानं म्हणाला. "गिरणीतलं ताजं तूस हाय. सांजच्याला दुकान मिटलं का मी सोता पाट्यावर... आपलं, तव्यावर शेकतो, उशीत भरतो नि वैनीच्या गुडघ्याखाली देतो. लय झोप लागती वैनीला."

हाच पुंडलिक.

त्याची बायको मंदा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आमचं ह्ये तर रातचं उठूनबी हात लावून बघत्यात, गार झाली का काय. गार झाली का परत शेकायची. मला ताप आला व्हता तवा साधी गोळी दिली नाय."

"तुला ताप व्हता, वैनीचा गुडघा हाय," पुंडलिक म्हणाला.

मी पदर पुन्हा सोडला. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं, मी त्यासाठी तयारीनं आले होते. हा तर मायेनं ओथंबलेला निघाला. मी त्याला पाय दाखवला. गुडघ्याखालून माझी मूठ आरामात आरपार जात होती. सगळं समजावलं. चाकूचं सांगितलं, आखडलेल्या पडद्यांचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत उतरत छातीपर्यंत आला.

"म्हंजी मी वैनीचा पाय मोडला?"

"मोडला नाही हो, भाऊ. वाकडा इस्त्री केलात."

तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. आक्का कॉटवरून ओरडल्या, "आरं गप! माझा पाय हाय, मी रडत नाय, तुला काय झालं?"

सुदैवानं अजून वेळ गेली नव्हती. टाचेखाली गुंडाळी ठेवली, आणि गुडघ्यावर वजन म्हणून एका पिशवीत तांदूळ भरून आणायला सांगितला. पुंडलिकनं धावत जाऊन पिशवी आणली. आक्कांनी ती कॉटवरूनच हातानं चाचपली. "कणी भरलीस व्हय रं? माझ्या गुडघ्यावर ठेवायचा तर कोळपी भर." मग घरातला चांगला कोळपी तांदूळ पिशवीत आला आणि गुडघ्यावर बसला. आक्कांनी दात आवळले. पण थोड्या वेळानं मूठ आरपार जाईना, नुसती बोटं जात होती. मी खूश झाले.

तेवढ्यात आक्कांनी विचारलं, "सरळ झाला का मग मांडी कवा घालायची?"

दवाखान्यातून सोडताना आम्ही छप्पन्न सूचना सांगतो. त्यातली एक असते की या सांध्यावर जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. तो सांधा तेवढं वळण्यासाठी केलेलाच नव्हता. आक्कांनी बाकीच्या पंचावन्न ऐकल्या होत्या.

"आक्का, मांडी नाही घालता येणार."

"या वर्साला का?"

"पुढेही नाही."

आक्का मंदाला म्हणाल्या, "ही पिशवी काढ." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला काही समजेना. मी मूर्खासारखी म्हणाले, "खुर्चीवर बसा की! सगळे बसतात."

उत्तर पुंडलिकनं दिलं, अंगणात नेऊन. घोटीत भाताचा सौदा गादीवर होतो. घेणारा गादीवर मांडी घालतो, देणारा समोर पोत्याच्या बारदानावर मांडी घालतो, मधे फडक्यावर नमुन्याचे दाणे. दोघांचे डोळे एका उंचीवर पाहिजेत. तिथं बसून झालेला शब्द पक्का. उभ्यानं बोललेलं ते नुसतं बोलणं. "आन् खुर्चीवर, मॅडम, तलाठी बसतो," पुंडलिक म्हणाला. "तलाठ्याला कोन खरं सांगतं?"

"मग तुम्ही बसता ना गादीवर?"

"मी बसतो, पन माझ्या दाताला काय कळत नाय!" तो कळवळून म्हणाला. "वलं भात वाळलं म्हणून घेतलं, थप्पीत तापलं, काळं पडलं. आता दसऱ्याला हळवं भात, लौकर पिकतं त्ये, याया लागलं का रांग लागंल. वैनी गादीवर नसली तर मी काय करू? शेठला देऊन टाकतो दुकान, निदान नाव तरी बुडायचं नाय." टपून बसलेला माणूस हा असा होता. गादीवरून उठायला त्याच्याइतका उतावीळ माणूस साऱ्या इगतपुरी तालुक्यात नसेल.

पुढच्या रविवारी गेले तर पिशवी कोपऱ्यात पडलेली. तुसाची उशी गेली होती खरी, पण आक्कांनी व्यायामही सोडला होता. आमच्या धंद्यात ही वेळ फार वाईट. दुखतं म्हणणाऱ्याला समजावता येतं, घाबरणाऱ्याला दरडावता येतं. 'कशासाठी करू?' असं विचारणाऱ्यापुढे पुस्तकातलं काही चालत नाही.

"पाय सरळ करून काय, कॉटवर सरळ झोपू?" आक्का म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि मला तेच नको होतं.

मी फार विचार केला असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला सुचत काहीच नव्हतं, म्हणून म्हटलं, "मला तुमचं दुकान तरी दाखवा. इतक्या लांब आलेय."

पाहुण्याला दुकान न दाखवणं हे काही त्यांच्या स्वभावात बसेना. वॉकर घेऊन उठल्या. अंगण ओलांडलं. दुकानाला मागून तीन दगडी पायऱ्या, एकेक अशी उंच की बांधणारा गवंडी बहुतेक उंटावरून फिरत असावा. आक्का थांबल्या. मी त्यांना आमचा जिन्याचा नियम सांगितला. चढताना शहाणा पाय आधी वर, मग ऑपरेशनचा खुळा पाय त्याच्या मागे. उतरताना उलटं, खुळा आधी खाली, म्हणजे शहाणा मागे राहून सगळं वजन सांभाळतो. माझा एक हात त्यांच्या दंडाला, मागे पुंडलिक दोन्ही हात पसरून, जणू आक्का पडल्याच तर तो पायऱ्यांसकट झेलणार होता. चढल्या. वर पोचल्यावर घामाघूम झाल्या, पण महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी दुकान पाहिलं.

आत एक शेतकरीण बारदानावर बसली होती, समोर तिचं भात. पुंडलिक लगबगीनं गादीवर जाऊन बसला, चार दाणे तोंडात टाकले, फोडले आणि गोंधळून छताकडे पाहू लागला.

"वलं हाय," आक्का दारातून म्हणाल्या.

"वैनी, तुमी चावलं कुठं?"

"तू चावलास त्याचा आवाज ऐकला की."

यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही. मी शेजारी उभी होते, मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. पण शेतकरीण ओशाळून हसली आणि म्हणाली, "आक्का, तुमी गादीवर या ना. मंग बोलू. हुब्या हुब्या काय?"

गादी त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होती, आणि जमिनीवर. त्यांनी सगळा भार वॉकरवर टाकला. दुःखानं की थकव्यानं हे पाहत बसायला मला वेळ नव्हता, असा भार टाकणाऱ्या पेशंटला आधी टेकवायचं असतं. मी भोवताली पाहिलं. भिंतीशी तांदळाच्या पोत्यांची थप्पी होती, पुढच्या बाजूला दोनच थर. मी त्यांना मागे मागे नेत त्यावर बसवलं.

बसवलं आणि माझ्या लक्षात आलं की उंची अगदी नेमकी होती. कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर, पाय खाली मोकळे, टाचा जमिनीला जेमतेम लागलेल्या. असं आसन आम्ही पेशंटच्या घरी जाऊन शोधत फिरतो. गुडघा स्वतःच्या वजनानं वाकतो, आणि उठताना त्याच्यावर जोर येत नाही. मी म्हटलं, "आक्का, असंच बसा. आता हा पाय पुढे उचलून सरळ करा."

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या तिथून दुकान पाहत होत्या. काटा, बाहेरचा रस्ता, गिरणीचं दार, पुंडलिकच्या डोक्यावरचं टक्कल, सगळं एका नजरेत.

"पुंडलिका," त्या म्हणाल्या, "गादी हितं आण."

"हितं म्हंजी?"

"माझ्या बुडाखाली, आणखी कुठं?"

पुंडलिकनं गादी उचलली, लोड उचलला आणि पोत्यांवर मांडामांड केली. आक्का पुन्हा बसल्या. आता शेतकरीण खाली आणि आक्का वर. अवघड झालं. डोळे काही एका उंचीवर येईनात. शेतकरणीनं वर पाहिलं, समोर तसेच दोन थर रचलेल्या पोत्यांकडे पाहिलं, मग उठली, लुगडं आवरलं आणि एका हिसक्यात समोरच्या पोत्यांवर चढून बसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "माझंबी गुडघं खाली बसाया कवाचं नको म्हणत्यात."

मधे एक पोतं ओढलं, त्यावर फडकं आणि फडक्यावर दाणे. सौदा झाला. बाईनं भात पुन्हा चार दिवस वाळवून आणायचं ठरलं, आणि शब्द पक्का धरला गेला. मी एका कोपऱ्यात तोंड बंद करून उभी होते. हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मिळ आहे की पुंडलिकनं मला पाणी आणून दिलं.

मग काय विचारता! आक्का रोज दुकानात. मी तिथल्या तिथे व्यायाम नेमून दिले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा समोरच्या पोत्यावर टाच ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. पाय खाली सोडून टाच मागे पोत्याकडे ओढायची. थोड्या थोड्या वेळानं उठून काट्यापर्यंत फेरी मारायची, नाही तर पाय सुजेल. आक्कांनी माझ्या व्यायामात आपली भर घातली. नमुना पसंत नसेल तर त्या तोंडानं काही बोलायच्या नाहीत, नुसता पाय ताडकन सरळ करायच्या, शेतकऱ्याच्या दिशेनं. बाजारात महिन्याच्या आत सगळ्यांना ते कळलं. त्या मोसमात वाईट भात इतकं आलं की त्यांच्या मांडीचा स्नायू, मी शपथेवर सांगते, माझ्या त्या फौजदारांच्या मांडीपेक्षा जाड झाला.

आता पेशंट तिसऱ्या दिवशी घरी जातो. व्यायाम मोबाइलवर येतात, चित्रांसकट, आवाजासकट. गुडघे तेव्हापेक्षा चांगले वाकतात, माझी तक्रार नाही. एवढंच वाटतं की मी त्या काळात शेकडो माणसांना चालतं केलं, आणि त्यातली किती जणं चालत जाऊन कशावर बसणार होती, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी, दुकानी जायला मला वेळ झाला नाही. नांदगावचा एक शिंपी होता, गुडघा उत्तम झाला म्हणून मी त्याची पाठ थोपटली होती. पुढे कळलं, त्यानं मशीन विकलं. पायाखालची फळी त्याला आधीसारखी दाबता येत नव्हती. मला तो कधी बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

दसऱ्याला आक्कांनी जेवायला बोलावलं. मी गेले ती कोनमापक घेऊनच, मला सणाचं काही सोयरसुतक नसतं. काट्याची पूजा झालेली, झेंडूची माळ लोंबतेय, आणि दारापर्यंत हळव्या भाताची पोती. दुकानात पोत्यांची दोन आसनं समोरासमोर, कायमची. आक्का वर बसलेल्या. मी त्यांच्या पायाशी उकिडवी बसून गुडघा मोजायला लागले. वाकणं काटकोनाच्या बरंच पुढे गेलं होतं. सरळ होण्यात अगदी थोडा बाक उरला होता, तो पुढेही राहिला. तुसाच्या उशीनं तेवढं स्वतःसाठी ठेवून घेतलं.

तेवढ्यात शेठ आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात आपट्याची पानं. पुंडलिकच्या हातात सोनं ठेवून म्हणाले, "काय पुंडलिकराव, काय ठरलं मग?"

पुंडलिक घाम पुसत म्हणाला, "त्ये गादीवर इचारा."

शेठनी सवयीनं जमिनीकडे पाहिलं. तिथं गादी नव्हती. मग नजर हळूहळू वर नेली.

"या शेठ, बसा," आक्का म्हणाल्या. "चढता येतंय ना?"

शेठनी पोत्यांची उंची पाहिली, आपलं पोट पाहिलं. "मी उभा बराय," ते म्हणाले.

"उभ्यानं बोलायचं असंल तर दसऱ्याचं बोलू. दुकानाचं नाय."

शेठनी आक्कांनाही सोनं दिलं, तबकातल्या सुपारीचं कौतुक केलं आणि गेले. पुंडलिकनं असा श्वास सोडला की झेंडूची माळ हलली. रांगेतला पुढचा म्हातारा समोरच्या पोत्यांवर चढला, त्यानं ओंजळभर भात फडक्यावर ओतलं. मी आक्कांचा पाय अजून धरून होते. मला तो टाचेपासून पुन्हा एकदा मोजायचा होता. खूप दिवसांनी असा गुडघा हाती लागला होता, आणि खरं सांगायचं तर मला एखादा शब्द हवा होता, शाबासकीचा.

आक्कांनी दोन दाणे तळहातावर चोळले, दाराकडे धरून पाहिले, मान वाकडी केली, पुन्हा पाहिले.

"मॅडम," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा बाजूला सरा. उजेड अडतोय."

मी पाय सोडला आणि बाजूला झाले.